तेविसावी प्रत

४ ऑगस्ट

खोटारडी! पंधरा पानांत चार वेळा खोटं बोलली. आणि प्रत्येक वेळी आधी आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्याला, डोळा मारते — आता बघा हं, हिला मी काय सांगते ते. असली माणसं मला सहन होत नाहीत. पुस्तकातली असली तरी नाही.

बाईंनी या सत्रासाठी ही कादंबरी लावली आहे. सांगणारी मुलगी पंधरा वर्षांची. तिला नाव नाही, लेखिकेने दिलंच नाही. रोज सकाळी गणवेश घालते, डबा घेते, बापाला "येते" म्हणते आणि शाळेत न जाता मोठ्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसते. तुमचं कोण आजारी, असं कुणी विचारलं की रोज नवीन. आज आजोबा, उद्या मावशी, परवा तर जुळी भावंडं. दोनशे आठ पानं हेच चालणार म्हणे!

बाई म्हणाल्या, वाचताना तिच्याविषयी काय वाटतं ते टिपत जा, मत बदलत जाईल. माझं नाही बदलणार. लिहून ठेवते.

६ ऑगस्ट

पान ४०. झाडू मारणाऱ्या बाईंना सांगितलं की आपण अनाथ आहोत. बाप घरी जिवंत, चांगला पेपर वाचत बसलाय.

९ ऑगस्ट

वर्गात आज चर्चा झाली. ही मुलगी कुणाकुणाला आवडते म्हणून बाईंनी विचारलं तर अर्ध्याहून जास्त हात वर. माझ्या शेजारची टिवटिव तर "बिचारी, बिचारी" करत होती. टिवटिवला सगळेच बिचारे वाटतात, फळा पुसायचं फडकंसुद्धा. मी उठून सांगितलं की हिला काही दुःख वगैरे नाही, हिला फुकटचं लक्ष हवंय. खोटं बोलणाऱ्याला आधी पकडावं, कौतुक मग करावं. बाई हसल्या. "तुला न्यायाधीश व्हायचंय का गं?" सगळे हसले. मला काही वाटलं नाही. चांगली नोकरी आहे.

पुस्तकं आमच्याच घरी बांधलेली आहेत, त्यामुळे वर्गात सगळे नाकाला लावून माझ्याकडे बघतात. खळीचा वास! सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयाच्या बेचाळीस जुन्या प्रती खाली कारखान्यात आल्या होत्या, पार खिळखिळ्या. कारखाना म्हणायचा एवढंच, एक लांब खोली, कापायचं मशीन, आईची शिवायची खुर्ची आणि मधोमध मोठं टेबल. दोन प्रती अगदीच गेलेल्या, त्या सुट्या करून बाजूला ठेवल्या. बाकीच्या चाळीस बाबांनी उसवून, नव्याने शिवून, नवे पुठ्ठे घालून उभ्या केल्या. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा जुनाच शिक्का आणि प्रत क्रमांक. ग्रंथपालांचा नियम आहे, हजेरी क्रमांक तोच प्रत क्रमांक. माझा तेवीस, गेली तीन वर्षं.

उसवलेल्या प्रतींचे फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, ताईने क्रमाने लावले होते. ते तिचं घरातलं शेवटचं काम. जाऊ दे.

१२ ऑगस्ट

आज मजा आली! त्या मुलीचा एक धाकटा भाऊ आहे, नऊ वर्षांचा. त्याला संशय आला. एक दिवस मागे मागे गेला, खांबाआड उभा राहून सगळं पाहिलं आणि संध्याकाळी बापाला जसंच्या तसं सांगितलं. शाब्बास रे पठ्ठ्या, असं मी चक्क मोठ्याने म्हटलं. पुढच्याच पानावर तिने त्याला थोबाडीत मारली. म्हणजे खोटं बोलणारी ही आणि मार खाल्ला त्याने. चोराच्या उलट्या बोंबा!

पुस्तक बंद केलं. जिन्यावरून तीनदा वरखाली केलं. काही सुचेना.

एकदाचं लिहूनच टाकते. एप्रिलमध्ये मी वक्तृत्व स्पर्धेला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, नऊ नंबरच्या बसचा शेवटचा थांबा. तिथे ताई दिसली. त्या वेळी ती कॉम्प्युटरच्या क्लासला असायला हवी होती. एका निळ्या फाटकाच्या घराच्या पायरीवर बसली होती. एकटीच, मांडीवर पिशवी, काही करत नव्हती. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम दोनदा जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा तिथेच. घरी येऊन म्हणायची, आज काय शिकवलं माहीत आहे का. मग मी बाबांना सांगितलं. काय चुकलं? खोटं कोण बोलत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी टेबलाशी उभं राहून तिला विचारलं, कुठे जातेस. ती म्हणाली, क्लासला. तीनदा विचारलं, तीनदा क्लासला. मी जिन्यात उभी होते. बाबा म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला या टेबलाशी जागा नाही." त्यांना त्या दिवसापुरतं म्हणायचं होतं, हे मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे. ताईने चाळीसच्या चाळीस प्रती लावून पूर्ण केल्या, हात धुतले, बॅग भरली आणि गेली. दुसऱ्या गावी तिच्या मैत्रिणीची खोली आहे, तिथे. जाताना मला एवढंच म्हणाली, "येते हं चोमडे."

ती मला लहानपणापासून चोमडी म्हणते. लाडाने. त्या दिवशी लाडाने होतं की नाही, ते कळलं नाही.

१३ ऑगस्ट

कालचं वाचलं. खोडणार नाही. पण एवढं सविस्तर कशाला लिहिलं कोण जाणे.

१७ ऑगस्ट

लेखिका कमाल आहे!! पान ९६ च्या शेवटी ती मुलगी म्हणते, "खरं सांगू का? मी तिथे बसते, कारण" — आणि पान उलटलं की काय, तर पुन्हा पान ८१! तेच प्रसंग, तीच वाक्यं, पानांचे आकडेसुद्धा मागे गेलेले. भाऊ पुन्हा खांबाआड उभा राहतो, पुन्हा सांगतो, पुन्हा थोबाडीत खातो. मी अधाशासारखी वाचत गेले. पुन्हा ९६ च्या शेवटी, "मी तिथे बसते, कारण" — आणि या वेळी एकदम पान ११३. ती बसमध्ये चढलेली, गाव सोडून चाललेली.

कारण सांगतच नाही! दोनदा ओठांवर येतं आणि दोनदा गिळते. ज्या गोष्टीविषयी बोलता येत नाही तिच्या जवळ जाऊन माणूस कसा मागे फिरतो, ते लेखिकेने पानांच्या आकड्यांतून दाखवलं. असं मी कुठेच वाचलेलं नाही. अंगावर काटा आला.

१८ ऑगस्ट

बाकावर बसलेली ती सारखी डोळ्यांसमोर येते. गणिताच्या तासालासुद्धा.

२० ऑगस्ट

मत बदललं. घ्या! बाई जिंकल्या.

खोटारडी म्हणवत नाही आता. तिचं खोटं म्हणजे नुसता दरवाजा लावून घेणं आहे, एवढंच. आत काहीतरी आहे आणि ते कुणालाच दाखवायचं नाही, अगदी आपल्यालाही नाही. मला हे फार आवडलं. सगळं सांगत सुटणाऱ्यांपेक्षा हे बरं. (हे मीच लिहितेय. बाहेर सूर्य कुठून उगवलाय ते बघायला हवं.)

निबंधाचा विषय ठरला — न सांगितलेलं कारण.

२२ ऑगस्ट

बाबांनी खाली बोलावलं. डायऱ्यांचं मोठं काम आलंय, फर्मे लावायला हात कमी. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. टेबलाभोवती फर्म्यांचे ढीग क्रमाने मांडायचे, मग गोल फिरत प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा, फेरी पूर्ण झाली की एक पुस्तक. मी सहा फेऱ्यांत चार चुका केल्या. बाबा माझ्या हातातून गठ्ठा घेऊन स्वतः फिरायला लागले.

ताई फिरता फिरता वाचायची. एक फर्मा उचलला की पुढच्या ढिगापर्यंत जाताना दोन ओळी, तिथून पुढे आणखी दोन. चाळीस फेऱ्या झाल्या की तिचं पुस्तक वाचून व्हायचं. बाबा ओरडायचे — बाइंडरने अक्षर बघायचं नसतं, पानाचा आकडा बघायचा! तरी तिचं कधी चुकलं नाही. एकदाही नाही. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, माझं चुकेल, पोरीचं चुकायचं नाही.

आता तिचं नाव कुणी काढत नाही. ताट चौथं मांडलं जातं आणि मग आई ते मुकाट्याने परत ठेवते. चार महिने होऊन गेले, हात अजून ऐकत नाही तिचा.

२९ ऑगस्ट

निबंध दिला. नऊ पानं! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निबंध आहे, उगाच नम्रपणा नको. "ज्या क्षणी ती कारण सांगायला तोंड उघडते, त्या क्षणी कादंबरी तिचा हात धरून तिला मागे ओढते." हे वाक्य मी लिहिलंय, मी!

३ सप्टेंबर

बाईंनी अजून तपासले नाहीत. रोज त्यांच्या पिशवीकडे बघते. पाय स्वस्थ राहत नाहीत, टिवटिव म्हणाली बाक हलतोय.

६ सप्टेंबर

मेले तरी चालेल.

बाईंनी निबंध वाचायला मलाच उभं केलं. चेहरा गंभीर होता, मला वाटलं भारावल्या असतील. मी आवाज लावून वाचला, हातवारेसुद्धा केले. पान ८१ पुन्हा येतं तिथे आले तर वर्गात कुजबुज. मी वर पाहिलं. टिवटिव हळूच म्हणाली, "अगं, पण कारण आहे की. पान सत्त्याण्णववर."

मागून कुणीतरी म्हणालं, हिने पुस्तक उघडलेलं तरी आहे का? बाईंनी माझी प्रत मागितली. पानं उलटली. ऐंशी, एक्क्याऐंशी, शहाण्णव, पुन्हा एक्क्याऐंशी, शहाण्णव, एकशे तेरा. सहावा फर्मा दोनदा आणि सातवा नाहीच! कसला लेखिकेचा डाव आणि कसलं काय! वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. वर कुणीतरी — "तुझ्याच घरी बांधलंय ना हे?"

बाइंडरची पोर मी. जन्मापासून फर्म्यांत वाढलेली. अक्षर बघत बसले आणि आकडा दिसूनही कळला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तास संपल्यावर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "निबंध चांगलाच आहे. फक्त या पुस्तकावर नाही." मग बाबांना चिठ्ठी दिली, प्रत दुरुस्त करून मिळावी म्हणून. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी आहे. बाबांना देणार नाही. या कारखान्यातून चुकीचं पुस्तक गेलेलं नाही, असं ते गेली बावीस वर्षं सांगतात. आणि ही चूक कुणाची, ते त्यांना लगेच कळेल.

७ सप्टेंबर

आज शाळेत गेले नाही.

गणवेश घातला, डबा घेतला, आईला "येते" म्हटलं आणि नऊ नंबरच्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत. ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. वर्गात जायचं नव्हतं आणि पाय कुठेतरी न्यायला हवे होते.

निळ्या फाटकाचं घर तिथेच आहे. पायरी साधी, दगडाची, एका कोपऱ्यात टवका गेलेला. मी बसले. समोर भिंत, भिंतीपलीकडे झाडाचा शेंडा, दुसरं काही नाही. ताई इथे काय बघत होती?

थोड्या वेळाने आतून एक आजी कुंड्यांना पाणी घालायला आल्या. कुणाकडे आलीस म्हणाल्या. मी म्हटलं, मावशीकडे, ती बाहेर गेली आहे, येईलच. मावशी कुठे राहते, म्हणाल्या. मी हात कुठेतरी दाखवला. काय करते? नर्स आहे. एका दमात तीन! आणि कसं सहज निघालं, जीभसुद्धा अडली नाही.

आजींनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, "याआधी एक मुलगी बसायची इथे. तुझ्यासारखंच नाक होतं. तिने पहिल्या दिवशीच खरं काय ते सांगितलं."

मी विचारलं, काय सांगितलं.

"तिला विचार की."

"तुम्हाला कसं सांगितलं तिने?"

"मी विचारलं म्हणून," आजी म्हणाल्या आणि पुन्हा झारी उचलून कुंड्यांकडे गेल्या.

मी पुढची बस पकडून परत आले. आईने विचारलं, आज काय शिकवलं. मी सांगितलं, भूगोल.

८ सप्टेंबर

भूगोल! काल भूगोलाचा तासच नव्हता. आईला माहीत असेल का?

१० सप्टेंबर

टिवटिवची प्रत मागून आणली. पान ९७ ते ११२, शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानेच वाचली.

तर कारण असं. दोन वर्षांपूर्वी त्या मुलीची आई त्याच दवाखान्यात होती. बाप औषधं आणायला गेला आणि हिला सांगून गेला की या बाकावर बस, हलू नकोस. ही कंटाळली. बाहेर एक माणूस माकडाचा खेळ करत होता, तो बघायला गेली. दहा मिनिटं. तेवढ्यात आतून परिचारिकेने येऊन तीनदा हाक मारली, कुणी आहे का यांचं? कुणी नव्हतं. ही परत आली तेव्हा सगळं संपलेलं. आपण बाकावर नव्हतो, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. आता रोज जाऊन बसते. आजोबा, मावशी, जुळी भावंडं हे सगळं एवढ्यासाठी की तिला तिथून कुणी उठवू नये. कुणाच्याही नावाने हाक आली आणि त्यांचं माणूस जागेवर नसलं तर "आहे" म्हणायला कुणीतरी हवं.

मी रडले नाही. आधी तर रागच आला. हे पहिल्याच पानावर सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी तिला खोटारडी म्हटलं असतं का?

मग पान १११. दोन ओळी आहेत तिथे, उतरवून घेते. "कुठे होतीस, हे घरात तिघांनी विचारलं. का, हे कुणीच नाही."

ते तिघे म्हणजे तिचा बाप, तिची आजी आणि तो भाऊ. माझा पठ्ठ्या.

पुस्तक टिवटिवला दिलं. ती म्हणाली, "बिचारी ना?" मी हो म्हटलं.

११ सप्टेंबर

मी पण "का" विचारलं नाही. तीन वेळा बसने जाऊन पाहिलं. रस्ता ओलांडून विचारलं नाही. मधे फक्त रस्ता होता, तोही लहान.

१४ सप्टेंबर

बाबांना प्रत दिली. चिठ्ठीही दिली, आठ दिवस लपवली तेही सांगितलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक आडवं धरलं, कण्यावर अंगठा फिरवला आणि नुसतं म्हणाले, "तिचं चुकलं?" जणू कुणीतरी सांगावं की नाही चुकलं.

मग आईला विचारलं. शिवताना तुला दिसलं नाही? आईने सुई खाली ठेवली. म्हणाली, "दिसलं."

"मग?"

"शेवटचं काम होतं तिचं. उसवायला हात झाला नाही."

कापायच्या मशीनवर माशी बसली होती, तिच्याकडेच आम्ही तिघं बघत बसलो.

बाबा उठले. सुट्या ठेवलेल्या दोन प्रतींचे फर्मे फडताळातून काढले आणि मोजायला लागले. सहावे दोन होते, आता एकच. बरोबर, एक तेविसाव्या प्रतीत जादा गेलेला. सातवे दोन. बाबा थांबले. पुन्हा मोजले. टेबलाखाली बघितलं, ढिगांमागे बघितलं, मग सगळं खाली ठेवून बसले.

मला कळेना. बाबांनी बोटावर मोजून समजावलं. चुकून सातवा उचलायचा राहिला असता तर तो ढिगात उरला असता. म्हणजे आज सातवे तीन हवेत. दोनच आहेत. तेविसाव्या प्रतीचा सातवा फर्मा कुठेच नाही.

"चूक नाही ही," बाबा म्हणाले. "काढून नेलाय. आणि जाडी कमी पडली तर मला हाताला कळेल, म्हणून जादा सहावा घातला." मग पुन्हा कण्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "काम चोख आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हसत नव्हते, पण पाच महिन्यांत एवढं वाक्य त्यांनी तिच्याविषयी बोललेलं नव्हतं. मग सुट्यांतला एक सातवा घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने माझी प्रत उसवली. शिवायला आईकडे दिली.

१५ सप्टेंबर

कालपासून एकच डोक्यात. ताई सोळा पानं घेऊन गेली! टेबलाभोवती फिरताना वाचली असणार, पान १११ सुद्धा. त्याच सकाळी बाबांनी तीनदा "कुठे" विचारलं होतं. तिला ती पानं इतकी आपली वाटली की ठेववली नाहीत. हाताला आली त्या प्रतीतून काढली, आणि ती नेमकी माझी निघाली. कसा योगायोग! मला इतकं भरून आलं की तोंड धुवायला जावं लागलं.

आईकडे तिचा नवा नंबर आहे. मला माहीत होतं की तिच्याकडे आहे, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. दर रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला पाऊण तास कुणाला लागतो? आज मागितला. आईने पदराला हात पुसले, कागदाच्या कातरणीवर लिहून दिला, म्हणाली, "बाबाही मागून गेले सकाळी. अजून केला नाहीये त्यांनी."

१६ सप्टेंबर

केला नाही. आधी काय बोलायचं ते ठरवते.

१७ सप्टेंबर

मी सांगायला नको होतं. तू खोटं बोलायला नको होतंस. आपण दोघींनी. नाही, असं नको. सुरुवात नुसती सॉरीने करायची.

१८ सप्टेंबर

बाबा आज फोन हातात घेऊन कापायच्या मशीनपाशी उभे होते. मी खाली गेले तर खिशात टाकला आणि मलाच विचारलं, काय हवंय. दोघं सारखेच आहोत आम्ही.

१९ सप्टेंबर

बाईंनी निबंध परत दिला. खाली लाल शाईत लिहिलंय — पूर्ण प्रत वाचून पुन्हा लिही. लिहिणार नाही. आधी फोन. गच्चीवर गेले, पाच आकडे लावले, उतरले. पुन्हा गेले. कपडे सगळे वाळलेले, उगाच उलटे करून आले.

२१ सप्टेंबर

ताईशी बोलले.

योगायोग नव्हता. हाताला येईल ती प्रत तिने घेतलीच नव्हती. पहिल्या पानावरचा तेवीस आकडा शोधून काढला, कारण तेवीस म्हणजे मी. पानं अजून तिच्याकडे आहेत. म्हणाली, "तुला कारण न विचारता निकाल देता येतो ना. म्हटलं, मग पुस्तकही तसंच वाच."

पाठ केलेलं सगळं विसरले. सॉरीसुद्धा राहिलं. तोंडातून एवढंच निघालं, "ताई, का बसायचीस तिथे?"

पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चोमडे, वेळ आहे ना तुला?" आणि सांगितलं. सगळं.

काय सांगितलं, ते मी कुणालाही सांगणार नाही. या वहीलासुद्धा नाही.